आत्याबाईंचं कानडी

भूतबाधा, अंगात येणं असलं बोलणं निघालं की मी उठून जाते. आजही जाते. तरीही हे लिहितेय... कारण आता ते मनात वागवायचाही कंटाळा आलाय.

माझं माहेर धारवाड, सासर कोल्हापूर – राजारामपुरी. सोयरीक एकाच समाजातली, भाषा मात्र वेगळी. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, बजावलं, “ह्या घरात ते यंडुगुंडू चालायचं न्हाय. पोरंबाळं झाली तरी मराठीतच बोलायचं.”

बोलले. मुलगी झाली, तिच्याशीही. माझी अव्वा, म्हणजे आई, वारली, तेव्हा रडलेसुद्धा मराठीत.

पंच्याहत्तर सालच्या सुमारास घरी पाहुणे होते. वाढताना माझ्या तोंडून “भाकरी गरम हाय, तो घ्या” असं गेलं. सगळे हसले. सर्वांत जास्त माझे मिस्टर. सात वर्षं झाली होती लग्नाला... त्या हसण्यानं मी एकदम थकलेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्टर शिरोलीला कारखान्यात गेल्यावर मी ट्रंक भरली. पोरीला फ्रॉक घातला. धारवाडची एस.टी. धरायची, परत यायचं नाही, असं ठरवलं होतं. तेवढ्यात आत्याबाई दारात आल्या. आता आरडाओरडा होणार म्हणून मी मान खाली घातली.

“दणदी कूसा... मलको.”

दमलीस बाळा, झोप जरा. आवाज आत्याबाईंचाच, पण हेल अगदी अव्वाचा. ‘कूसा’ तर मला जगात फक्त अव्वाच म्हणायची – आणि ती या घरी कधी आलीच नव्हती.

मी तिथेच आडवी झाले. उठले तेव्हा दिवेलागण झाली होती. गाडी गेली होती.

भास म्हणावा, तर धाकटी जाऊ तांदूळ निवडत शेजारीच होती. म्हणाली, “अक्का, आत्याबाई कानडीत काय बोलल्या वो?”

आत्याबाईंना विचारलं, तर भडकल्या. “मला कुठलं येतंय ते? खुळी झालीस व्हय!” खरंच, त्यांना एक शब्द येत नव्हता. नणंदांनाही विचारलं. कानडी मुलखाशी आत्याबाईंचा कधी संबंधच आला नव्हता.

मी पुन्हा ट्रंक भरली नाही. का, ते मलाही सांगता येत नाही. ते बोलणं अव्वाचं असेल, तर तिनं मला सावरलं की अडवलं, हे आजवर कळलेलं नाही. एवढंच माहीत आहे – त्यानंतर त्या घरात ‘दमलीस का’ असं मला कुणी कुठल्याच भाषेत विचारलं नाही.