हातातून हातात

"बॉल खाली ठेव. हातात नको देऊस."

आमची कॅप्टन रिया म्हणाली. अंधेरीच्या टर्फवर, सगळ्या पोरींसमोर. नाकाला टी-शर्ट लावून.

हा अमेरिकन फुटबॉल. हाताने खेळायचा. बॉल माशाच्या पोटातल्या गाभोळीसारखा लांबट. माझं काम पळत जाऊन तो झेलायचं. ड्रिल साधी. अंगठे जुळवायचे, बोटं पसरायची, बॉल हातात येईपर्यंत नजर हलवायची नाही. झेलला की काखेत दाबायचा, पळत परत यायचं आणि पुढचा नंबर असलेल्या पोरीच्या हातात द्यायचा.

झेलण्यात माझा हात कोण धरणार! खारदांड्याची कोळीण मी. होडीतून फेकलेली निसरडी मासळी आईच्या पोटात असल्यापासून झेलतेय. कोच सरांनी विमान फेकलं असतं तरी काखेत दाबून आणलं असतं.

पण माझ्यानंतर नंबर रियाचा. "सर, हिच्या हातांना बोंबलाचा वास येतो. आमच्याकडे नाही चालत."

सर हसले. "ठेव ना यार खाली. त्यात काय एवढं?"

ठेवला. मग रोजच ठेवत गेले. रिया त्यावर सॅनिटायझर मारायची, मग उचलायची. बॉल अस्सल चामड्याचा. मेलेल्या जनावराचं कातडं चालतं. माझी बोटं नाही चालत.

मला टीममध्ये यायचंच होतं. दुसरं काही सुचतच नव्हतं. म्हणून हात घासले. लिंबू, बेसन, भांड्यांची पावडर. इतके, की रेषा पुसल्या, ज्योतिषी बघून रडला असता. आई बाजूला बोंबील साफ करत होती.

"काय गो, साल काढतेस काय?"

मी घासतच राहिले. आईने आपले हात हळूच पदराखाली घेतले. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं.

त्या रविवारी टीमची निवड. सरांनी लांब फेकला. मी हवेत उडाले, घारीने वाट दिली. झेलला, दाबला, रियासमोर येऊन थांबले. तिने बोटाने जमीन दाखवली.

सरच ओरडायचे, बॉल जमिनीला लागला की कॅच मेला.

मी वाकले नाही.

"हातात घे."

"ई, ठेव ना!"

"हातात घे, रिया."

सर धावत आले. "ड्रामा बंद कर. ठेव, नाहीतर टीमच्या बाहेर."

गुडघे म्हणत होते, वाक. आईचे पदराखालचे हात दिसत होते. मी उभीच राहिले.

इथे मी काही वाढवून सांगत नाही. सरांनी टीमची यादी वाचली. माझं नाव घेतलं नाही. एकही पोरगी बोलली नाही.

उद्या प्रॅक्टिस आहे. मी जाणार. आत सोडलं नाही तर टर्फच्या जाळीला लागून उभी राहणार. सकाळी आईबरोबर बोंबील साफ करून, हात नुसते पाण्याने धुऊन. बॉल जाळीवरून बाहेर आला तरी झेलणार. ज्याला पाहिजे त्याने या हातांतून घ्यावा.

खाली ठेवणार नाही.