पांढरी चादर करडी का येते?

माहीम गावाहून नणंदेच्या शेजारणीचा, कमलताईंचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. "मंदाताय गेली… झोपेतच," एवढंच त्यांना बोलता आलं. मंदाताई माझी नणंद, सुरेशची थोरली बहीण. आदल्याच दिवशी तिचा फोन येऊन गेला होता. पळत्या कोंबडीचा फोटो काढताना कोंबडी स्पष्ट आणि मागची वाडी ओढल्यासारखी कशी आणायची, हे तिला सुरेशला विचारायचं होतं. तो बाजारात गेला होता. "येऊ दे, मग विचारते," म्हणाली… ते राहूनच गेलं.

मधली काही वर्षं ही दोघं बहीणभाऊ एकमेकांशी बोलतच नव्हती. माहीमच्या अंगणात वडिलांनी लावलेली, दाट सावलीची उंडी होती. वादळात कौलांवर पडेल म्हणून सुरेशने, ताई परगावी असताना, ती तोडून घेतली. ताई परतली, बुंधा पाहिला आणि म्हणाली, "मला विचारायचं तरी होतंस." त्यानंतर हा बोईसरला आणि ती माहीमला. सणावारी मी आणि आमची केतकी तेवढ्या जाऊन यायचो.

नोकरीसाठी पुण्याला जाताना केतकीने आपला डिजिटल कॅमेरा आत्याला देऊन टाकला. "चक्री हिरव्या खुणेवर ठेव, बाकी सगळं तो बघेल," असं सांगून गेली. साठी उलटलेल्या, पानवेलीचा मळा एकटीने सांभाळणाऱ्या ताईला ते मुळीच रुचलं नाही. "सगळं तोच बगनार, तर मी कशाला हाय?" पंपाचं पाणी पाटात पडताना कधी रेशमाच्या लडीसारखं येतं, कधी थेंबन् थेंब सुटा दिसतो. ते कॅमेऱ्यातला पडदा किती वेळ उघडा राहतो त्यावर असतं, हे तिने चक्री फिरवून फिरवून स्वतःच शोधलं. आकडा लहान केला की उजेड आत येण्याचं भोक मोठं होतं, हे मात्र तिला बरेच दिवस पटेना. मला मोबाइलवर फोटो पाठवायची आणि लगेच फोन करून प्रश्न. मला त्यातलं काय कळणार? एकदा दोरीवर वाळत घातलेल्या चादरीचा फोटो आला. फोटोभर नुसती चादर, तीही मळकट करडी. "सुनीता, आजच धुतलीय गं. पांढरी चादर करडी का येते?"

मी मुद्दामच तो फोटो सुरेशपुढे धरला. तारापूरच्या एका कारखान्यात मोजमापाची यंत्रं दुरुस्त करत त्याची नोकरी संपलेली. मोजण्यात कुठे काही चुकतंय म्हटलं की त्याला चैन पडत नाही. तरी तो पेपर वाचत राहिला. जेवताना एकदम म्हणाला, "तिला काळ्या छत्रीचा काढायला सांग." छत्रीही करडीच आली! "उजेड मोजणारं मीटर बिघडलेलं नाही," तो म्हणाला. "समोरचं सगळं मध्यम उजेडाचंच आहे असं ते धरून चालतं. पांढऱ्याला उजेडाचा आकडा प्लसकडे ने, काळ्याला मायनसकडे, म्हणावं." मी फोनवर तसं सांगितलं. ताईने लगेच ओळखलं, "हे तुझं नाय. त्याला विचार, किती प्लस?" मी फोन सरळ त्याच्या हातात दिला. "एक करून बघ," तो म्हणाला. इतक्या वर्षांनी बहिणीशी तो एवढंच बोलला.

पुढच्या रविवारी मात्र तो आपणहून माहीमला निघाला. ताईने त्याला भर दुपारी अंगणात उभं करून फोटो काढला. डोळ्यांच्या जागी नुसत्या काळ्या खोबणी आल्या. ती म्हणाली, "उंडी असती तर ऊन असं टोचलं नसतं." सुरेश बुंध्याकडे बघत राहिला. "विचारायला हवं होतं गं तुला." हाताला धरून तिने त्याला पडवीच्या कडेला, सावलीत बसवलं आणि कॅमेरा डोळ्याला लावला. "हां… आता बग माझ्याकडे." तो फोटो आमच्याकडे आहे. त्यात त्याचे डोळे भरलेत की तिथला उजेडच तसा आहे, ते मला अजून ठरवता येत नाही.

ताई गेल्यापासून मळ्यासाठी आम्ही बरेचदा माहीमलाच असतो. ताईला संध्याकाळी दिवा लावायची घाई नसे. उजेड जाताना आधी कुठला रंग जातो, ते पाहत ती पडवीत बसायची. परवा सुरेश तसाच बसला होता. तांबडी जास्वंद आधी काळी पडली, पानं त्यानंतरही कितीतरी वेळ दिसत होती. कुंपणापलीकडून कमलताईंनी हाक मारली, "लाईट गेली हाय काय?" ताईलाही त्या हेच विचारायच्या आणि तिचं उत्तर ठरलेलं, "नाय… बगतेय." नोकरीची सगळी वर्षं बोईसरच्या कॉलनीत काढलेला, घरातही छापील बोलणारा माझा नवरा मान न वळवता म्हणाला, "नाय… बगतोय."