पाय उचलला की थांबायचं

बँडमध्ये आम्ही चौघं होतो आणि जमिनीवर बसणारा मी एकटा. बाकीचे तिघं खुर्चीवर. मी व्हायोलिन शिकलो ते वऱ्हाडातल्या आमच्या गावी, गुरुजींसमोर सतरंजीवर बसून. उजवा पाय पुढे, व्हायोलिनचं डोकं त्या पायाच्या घोट्यावर टेकलेलं आणि दुसरं टोक छातीशी. खुर्चीवर बसून, हनुवटीखाली धरून वाजवायचा प्रयत्न मी इथे केला. दोनदा व्हायोलिन हातून निसटता निसटता राहिलं, तेव्हा बँजोवाले काका म्हणाले, "अहो, राहू द्या. तुमचं ठीक आहे, पण त्या वाद्यानं काय पाप केलंय?" त्यांनीच मग आतून एक चटई आणून टाकली.

हे काका अमेरिकेत कुठल्याशा डोंगराळ भागात तीस वर्षं नोकरी करून परत आले होते आणि मंडईच्या मागे तिसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे. आयर्लंड-स्कॉटलंडमधून तिकडे जाऊन राहिलेल्या लोकांनी आपलं नाचाचं जुनं संगीत सोबत नेलं होतं. त्यात तिथे बँजो आला आणि चाल बदलली. काका ते शेजाऱ्यांच्या ओसरीवर बसून शिकले. आम्ही तेच वाजवायचो, मूळचं आयर्लंड-स्कॉटलंडचं आणि वर अमेरिकन फोडणी. काका आणि मी सोडून आणखी दोघं होते. गिटारवर एक दातांचे डॉक्टर आणि टिनच्या शिट्टीवर शाळेत शिकवणारी एक मुलगी. शिट्टी म्हणजे बासरीची धाकटी बहीण, पण आवाजाने भलतीच धीट.

मी तिथे कसा पोचलो ते सांगतो. नोकरी खराडीत, खोली हडपसरला. ऑफिसात माझं काम दुसऱ्यांनी केलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायचं, त्यामुळे जेवायला चला म्हणून हाक मारणारे फारसे नव्हते. शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप मिटला की सोमवारपर्यंत मी कुणाशी बोलायचोच नाही. पार्सलवाल्याला ओटीपी सांगतानासुद्धा आधी घसा खाकरावा लागायचा. एकदा तारा बदलायला मंडईजवळच्या वाद्यांच्या दुकानात गेलो, तर तिथे हाताने लिहिलेला कागद चिकटवलेला दिसला. "फिडल वाजवणारा हवा. नीट येत नसलं तरी चालेल, वेळेवर यावं." फिडल म्हणजे व्हायोलिनच, हे दुकानदाराकडून कळलं. वेळेवर जायला मला काहीच अडचण नव्हती. रविवारी सकाळी नऊला सांगितलं होतं, मी पावणेनऊला जिन्यात उभा होतो.

त्यानंतर तीन वर्षांत माझा एकही रविवार चुकला नाही. तापातसुद्धा गेलोय. वाजवण्यासाठी जायचो असं मी सगळ्यांना सांगायचो, पण खरं तर मी जायचो ते मधल्या चहासाठी. त्या पंधरा मिनिटांत डॉक्टर पेशंटच्या गमती सांगायचे, ती मुलगी वर्गातल्या पोरांच्या नकला करायची आणि काका तिघांनाही टोमणे मारायचे. मला टोमणा बसला की बरं वाटायचं. आठवडाभर तेवढं एकच माणूस माझ्याकडे नीट लक्ष देऊन काहीतरी वाईट बोलायचं.

या संगीतात एक पद्धत आहे. गत गोल फिरते. संपली की पुन्हा पहिल्यापासून, कितीही वेळा. कधी थांबायचं ते आधी ठरत नाही. जो गत पुढे नेतो तो शेवटच्या फेरीत खुर्चीतून एक पाय उचलतो, की सगळे त्या फेरीअखेर एकदम थांबतात. मी चटईवर असल्यामुळे सगळ्यांचे पाय थेट माझ्या डोळ्यांसमोर असायचे. काकांचा अंगठा मोज्यात हलला तरी मला कळायचं. पण स्वतः मला गत पुढे नेता यायची नाही, कारण माझा पाय उचलला की त्याच्यावरचं व्हायोलिनही उचललं जाणार. मला त्याचं काही वाटायचं नाही. मी मागून जाणारा माणूस.

मग एका रविवारी काकांनी सांगितलं, त्यांची मुलगी अमेरिकेहून न्यायला येतेय, ते कायमचे तिकडे जाणार. चहा सगळ्यांच्या हातातच राहिला. "खराडीच्या एका कॅफेत पुढच्या महिन्यात रविवारी दुपारी वाजवायचं ठरलंय," ते म्हणाले, "तेव्हा मी समोर बसेन. तुम्ही तिघांनी एक गत सुरू करायची आणि नीट संपवायची. जमलं तर बँड आहे. नाहीतर आपापल्या घरी रविवारची झोप काढा." आणि गत पुढे नेणार कोण, तर फिडल. म्हणजे मी. पायाचं काय, विचारलं तर म्हणाले, "पाय नाही तर मान आहे ना? शेवटच्या फेरीत मान हलवा. एकदाच, स्पष्ट."

चार आठवडे सराव केला. मान नेमकी हलायची, डॉक्टर नेमके थांबायचे. बसमध्ये, लिफ्टमध्ये मी फेऱ्या मोजत असायचो. बँडसाठी नव्हे. ती चहाची पंधरा मिनिटं गेली तर माझ्याकडे काय उरेल, हे मला पक्कं ठाऊक होतं.

कॅफेत लोक खाण्यात गुंतले होते. पहिली फेरी छान गेली. दुसऱ्या फेरीत त्या मुलीने शिट्टीवर एक जागा घेतली. सरावात कधीच घेतली नव्हती. वर चढता चढता स्वर जरासा मुडपला आणि अलगद सोडला. गावी असं काही कानावर आलं की मान आपोआप डोलते, त्याला काही विचार लागत नाही. माझीही डोलली.

फेरी संपली आणि ते दोघं थांबले. अगदी नेमके, शिकवल्यासारखे. टाळ्या सुरू झाल्या. मी वाजवतच राहिलो. डॉक्टरांनी घाईघाईने गिटार पुन्हा धरली, दोन सूर चाचपले आणि हात खाली घेतला. मुलीने शिट्टी मांडीवर ठेवली होती. मी अख्खी फेरी एकट्याने वाजवली, मग आणखी एक. लोकांना वाटलं असंच बसवलंय, त्यांनी परत टाळ्या वाजवल्या.

काका उठून जवळ आले. मी म्हटलं, "संपवली शेवटी."

"एकट्यानं कुणीही संपवतं," ते म्हणाले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. तीन वर्षांत पहिल्यांदा. तो बराच वेळ तिथेच होता आणि त्यावरून मला सगळं कळलं.

बाहेर ती मुलगी रिक्षाची वाट पाहत होती. म्हणाली, "दादा, सॉरी हं. मी तिथे जरा एक्स्ट्रा काहीतरी केलं. तुम्ही मान हलवलीत, मला वाटलं, पुरे म्हणताय."

"नाही गं. फार सुंदर होतं ते. म्हणूनच हलली."

ती बघतच राहिली. "मग आम्ही थांबलो ते तुम्हाला कळलं नाही का?"

"कळलं होतं."

"अहो, मग वाजवत काय बसलात? तिथेच सोडलं असतंत तर परफेक्ट एंड झाला असता. काकांना कळलंसुद्धा नसतं."

तिचं बरोबर होतं. दोन फेऱ्यांत गत नीट संपलेली होती, बँड वाचलेला होता. मी फक्त हात थांबवायचा होता.

"थांबलो असतो तर घरी जावं लागलं असतं," मी म्हणालो.

ती फोनकडे बघून म्हणाली, "माझी रिक्षा आली." फोनवर तर रिक्षा यायला अजून चार मिनिटं दाखवत होतं. ती आम्ही दोघांनी रस्त्याकडे बघत काढली.