साडूभाऊंनी न पाहिलेलं दुकान

साडूभाऊंच्या नावावर मी एक खोटं खपवलं, हे आधीच सांगून टाकतो. आणि माणूस कसा, तर शहानिशा केल्याशिवाय घड्याळातली वेळसुद्धा न मानणारा. असा दुसरा डोंबिवलीपासून पार कल्याणच्या खाडीपर्यंत सापडायचा नाही. माझ्या मोठ्या मेहुणीचे हे यजमान. मोहन्याच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं माल तपासला. निवृत्तीनंतर तपासायला माल उरला नाही, म्हणून कॉम्प्युटरचे पार्ट विकणारी ऑनलाइन दुकानं तपासायला घेतली.

दुकानाची चौकशी ते स्थळासारखी करत. पाच ताऱ्यांची कौतुकं वाचतच नसत. "कौतुक काय, घरचेही करतात," म्हणत, आणि तक्रारींना दुकानदार काय उत्तर देतो ते दोनदा वाचत. काही घेण्याआधीच फोन करून, बिघडलं तर परत कोण घेणार, असं विचारत. समोरचा 'आधी ऑर्डर तर करा' म्हणाला की दुकान बाद. एकाचा पत्ता ठाण्यातल्या खोपटचा दिसला, तर स्वतः रिक्षा करून गेले. तिथे निघाली पिठाची गिरणी. गिरणीवाल्याकडे रॅमची चौकशी केली आणि आलोच आहे तर म्हणून दोन किलो भाजणी घेऊन परतले. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढत, तेव्हा घरात कुणी शिंकायचीही सोय नसे.

माझी बायको शिकवण्या घेते. तिच्या कॉम्प्युटरला माहिती साठवणारी नवी एसएसडी हवी होती. भाऊंनी चौकशीला आठ दिवस मागितले. मला कुठला धीर! निम्म्या किमतीत दिसली तिथून मागवली. महिन्याभरात ती बंद पडली आणि बायकोच्या सहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका गेल्या. कुठून घेतलीत, असं तिने विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "भाऊंनीच सांगितलं होतं ते दुकान."

आमच्या नौपाड्यातली बातमी भाऊंच्या डोंबिवलीत पोचायला एक फोन पुरतो. भाऊंची वॉरंटी संपली, असं भाचरं म्हणू लागली. भाऊ भांडले नाहीत. मी गेलो तेव्हा दुकानांची वही पहिल्या पानापासून चाळत बसले होते. हळूच म्हणाले, "हे नाव कुठेच नाही हो. कधी सांगितलं मी तुम्हाला? अलीकडे मला आठवेनासं झालंय की काय."

तेव्हाही मी मुकाट चहा पिऊन परतलो. पुढे दोन महिने त्यांनी कुणाला साधी केबलही सुचवली नाही. मग मेहुणीने सांगितलं, स्मरणशक्ती तपासायला त्यांना डॉक्टरांकडे नेतेय.

त्या रविवारी सगळे त्यांच्याकडे जेवायला बसलो होतो. मी ताट सारून म्हणालो, "भाऊ, तुम्ही काहीही विसरलेला नाहीत. ते दुकान तुम्ही सांगितलंच नव्हतं. खोटं मी बोललो, हिच्याशी, आणि गप्प बसून तुमच्याशीही. मला माफ करा."