विटक्या रंगांची गोधडी

आमच्याकडे पोरगी पहिलं बाळंतपण उरकून माहेराहून सासरी निघाली की मायनं शिवलेली गोधडी लेकरासोबत जाते. माझ्या दोन्ही बहिणींना अशा गोधड्या मिळाल्या. लाल, पिवळ्या, पोपटी, डोळे दिपवणाऱ्या. मला लेकरू झालं नाही, म्हणून माझी गोधडी राहिली. कोणी मुद्दाम ठेवली नाही, राहून गेली. पण बहिणींच्या घरी त्या उन्हात वाळत घातलेल्या दिसल्या की मी तोंड फिरवून आत जायचे. पोरं कॉलेजात गेली तरी मेल्या फाटत नव्हत्या.

गेल्या हिवाळ्यात मोबाइलवर एक बाई ‘लॉग केबिन’ नावाची गोधडी शिवताना दिसली. मधोमध लहानसा चौकोन आणि त्याच्या चारी बाजूंनी एकीला लागून एक पट्ट्या, ओंडके रचून घर बांधतात तशा. एका अंगाला फिकट पट्ट्या, दुसऱ्या अंगाला गडद. म्हटलं, कोणी देईना तर आपली आपण शिवावी. नवऱ्याचे जुने शर्ट बाहेर काढले. हा माणूस जन्मभर राखाडी, बिस्किटी आणि धुऊन धुऊन उडालेला निळा यांच्यापलीकडे गेला नाही. त्यावरून मी त्याला कायम टोमणे मारले. पण कापायला बसले तेव्हा तेच रंग एकमेकांशेजारी इतके शांत दिसले की मी बघतच राहिले. हे त्याला अर्थातच सांगितलं नाही, डोक्यावर चढून बसला असता.

वरचा थर मी हिंगोलीत घरीच मशीनवर जोडला. सुरुवातीचे चौकोन इतके तिरपे झाले की उसवता उसवता मी कातर फेकून दिली आणि चहा करून पुन्हा उचलून आणली. आता खाली अस्तर लावून हाताचे टाके घालायचे होते. त्यासाठी शिरड शहापूरला माहेरी गेले. तिथली ओसरी मोठी आहे, असं नवऱ्याला सांगितलं. खरं म्हणजे मायला दाखवायचंच होतं.

मायनं गोधडी ओसरीवर पसरली आणि भोवतीनं एक फेरी मारली.

“सगळे रंग बिमार पडलेत काय गं?”

“मला असेच आवडतात.”

“अन् हे मधातून सुरू केलंस व्हय? आमी कडंनं सुरू करतो अन् मधात येतो.” ती वाकून पट्ट्यांवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, “कोणाच्या लेकरासाठी करून राहिली?”

मला भडकायला एवढं पुरलं. “ज्या बाईला लेकरू न्हाई तिला थंडी वाजत न्हाई का? माझ्यासाठी करून राहिले मी. तू तर कधी शिवली न्हाईस!”

भावजय चहा घेऊन येत होती, ती कपांसकट आत वळली. माय माझ्याकडे बघत खाली बसली.

“चिंध्या काढल्या व्हत्या तुझ्यासाठी,” ती म्हणाली. “कितींदा काढल्या. मंग वाटायचं, गोधडी पाहून तुला लेकराचंच आठवंल. पोरीला तकलीफ काहून द्यावी? म्हणून पुन्हा बांधून ठेवायची.”

मी समजत होते की ती मला विसरली. ती समजत होती की तिनं मला जपलं. इतकी वर्षं मी मागितली नाही, तिनं दिली नाही आणि थंडी मात्र मलाच वाजली. मला रडू आवरेना, आणि रडताना तिचा रागही येत होता.

तिनं मला रडू दिलं. मग म्हणाली, “आडवी हो गोधडीवर.”

“काहून?”

“हो म्हणते ना.”

केस पिकलेली मी ओसरीवर आडवी झाले. मायनं माझ्या उशाशी गोधडीची कड धरली आणि खालच्या टोकाकडे बोट दाखवलं. मी मान उचलून पाहिलं. गोधडी माझ्या गुडघ्यांपर्यंतच आली होती. गुडघ्यांखालचे पाय उघड्या फरशीवर.

मग ‘कोणाच्या लेकरासाठी’ हा तिचा प्रश्न मला कळला. बहिणींच्या गोधड्या डोळ्यांपुढे ठेवून मी शिवत गेले होते. माझ्यासाठी म्हणून शिवली तीही लेकराच्या मापाची झाली होती, आणि एवढ्या दिवसांत ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मी लाजून उठायला लागले तर मायनं माझा खांदा दाबला. आत जाऊन तिनं आपलं एक नेसून नेसून मऊ पडलेलं, मातकट झालेलं लुगडं आणलं. माझ्या पायांशी बसून गुडघ्यापासून टाचेपर्यंत विती टाकल्या आणि काठ दातात धरून पहिली पट्टी फाडली.

“पडून ऱ्हा,” ती म्हणाली. “तुझं माप मी कधी घेतलंच न्हाई.”