बारा खाली

पुण्याहून शारजाला निघाले त्या दिवशी आई टॅक्सीच्या खिडकीशी वाकून जे शेवटचं बोलली, ते माशांबद्दल होतं. "पोस बाई, पण खाऊ नकोस." आमच्या घरात अंड्याचं नावसुद्धा दबक्या आवाजात घ्यायचे, आणि मुलगी मासे वाढवायचं शास्त्र शिकून बसलेली. निनाद, माझा नवरा, पुढच्या सीटवर हसू दाबत होता. ईरा तेव्हा पोटात होती. बाबा डिकी दोनदा उघडून दोनदा बंद करत राहिले. त्यांना रडायचं असलं की ते असंच काहीतरी तपासत बसतात.

तुमच्यापैकी जे मागे पुण्यात राहिलात त्यांना मी इथे नेमकं काय करते हे कधीच नीट सांगितलं नाही. "मासे वाळवंटात?" म्हणून तुम्ही हसायचात आणि मीही हसायचे. आता सांगते, कारण आता हसू येत नाही.

लग्नाआधी दोन वर्षं मी फिनलंडमध्ये होते. तिथे ट्राउट नावाचा गोड्या पाण्यातला मासा तळ्यात जाळी सोडून वाढवतात. तिथल्या म्हाताऱ्या मत्स्यपालकांना थंडीचं काही कौतुक नव्हतं, ती फुकट होती. इथे शारजात मी आधी माशांचं खाद्य विकलं. मग खोर फक्कानच्या रस्त्याला, डोंगर सुरू व्हायच्या जरा अलीकडे, एका कंपनीने ट्राउटसाठी मोठी शेड उभी केली आणि मला हॅचरीत, म्हणजे अंड्यांतून पिल्लं काढायच्या विभागात घेतलं. बाहेर पत्र्याला हात लावला तर फोड येईल असं ऊन, आत टाक्यांत बर्फासारखं पाणी. पिल्लं काढायची ती मादी-नरांची टाकी तर बारा डिग्रीच्या वर जाऊच द्यायची नाही. दिवे लवकर मालवून आम्ही त्या माशांना हिवाळा आल्याचं भासवतो, आणि ते बिचारे विश्वास ठेवतात.

हे सगळं चिलरवर, पाणी थंड करणाऱ्या यंत्रांवर चालतं. त्यांचा आवाज दिवसभर कानात असतो, घरघर, घरघर. आपल्याकडे एखाद्याला घरघर लागली म्हणजे तो निघाला असं समजतात. इथे उलटं, घरघर थांबली की सगळं संपलं. अल मजाजच्या फ्लॅटमध्ये एसी बंद पडला तरी मी दचकून उठते. निनाद म्हणतो, तू मासा झाली आहेस.

यंदा मालकांनी स्पष्ट सांगितलं होतं. दरवेळी परदेशातून विमानाने अंडी मागवणं परवडत नाही. आपल्याच माद्यांच्या अंड्यांतून पिल्लं निघाली तर हॅचरी चालू, नाहीतर खलास. हॅचरी गेली की माझी नोकरी जाणार, आणि नोकरीला तिघांचा व्हिसा बांधलेला. निनादचं काम घरून चालतं, पण कागदावर तो माझ्यावर अवलंबून आहे. ईरा अकरावीत. या मुलीने पुणं पाहिलंय ते मे महिन्याच्या सुट्टीपुरतं, आंबे खाताना.

अशात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. तीन आठवडे रजा घेऊन मी पुण्याला गेले. गुलजार नावाचा बिहारचा आमचा ऑपरेटर, चोख माणूस, त्याच्यावर शेड सोपवली. वर देखरेखीला राणे सर होते. राणे सर गिरगावचे, बसतात दुबईत जुमेरा लेक टॉवर्सच्या ऑफिसात, आणि हिंदी बोलतात ती गिरगावातलीच.

आईच्या डोळ्यात मी थेंब घालत होते तेव्हा तिकडे राणे सरांनी गुलजारला फोन केला. म्हणाले, "बारा खाली रखने का, भूलना नहीं."

सरांना म्हणायचं होतं, तापमान बाराच्या खाली. पण खाली म्हणजे वर-खालीतलं खाली, हे मराठीत. हिंदीत खाली म्हणजे रिकामं. गुलजारने ऐकलं ते असं, की बारा नंबरची टाकी रिकामी ठेवायची आहे. आणि आमच्या माद्या नेमक्या बारा नंबरमध्ये. त्याला नवल वाटलं, त्याने पुन्हा विचारलंही. सर मीटिंगमध्ये होते. "हां हां, बारा खाली, यल्ला," म्हणाले, म्हणजे चल, आटप.

म्हणून त्याने सगळे मासे जपून जाळीने उचलले आणि मागच्या मोठ्या शेडमधल्या टाकीत सोडले. तिथे विकायचे मासे राहतात, पाणी एकोणीस डिग्री. सर रोज फोन करून विचारायचे, बारा खाली है ना? गुलजार रोज सांगायचा, जी सर, एकदम खाली. दोघंही समाधानाने फोन ठेवायचे. हे मला परतल्यावर कळलं आणि हसावं की डोकं आपटून घ्यावं ते कळेना. आमच्यात मी एकटीच होते जिला दोन्ही भाषांतलं खाली माहीत होतं, आणि मी सदाशिव पेठेत चष्म्याच्या दुकानात उभी होते.

गुलजारचा चेहरा पांढराफटक पडला. "लेकिन मॅडम, मरा एक भी नहीं," तो परत परत म्हणत होता. खरंच, एकही मेला नव्हता. खात होते, वजन धरलं होतं, मी काठावर गेले की वर येत होते.

राणे सरांना राग यायला हवा होता. त्याऐवजी त्यांना कल्पना सुचली. एकोणीसला जगतात ना, मग बाराचा हट्ट कशाला, विजेचं बिल केवढं येतं? मी सांगितलं, सर, एकोणीसला ते जगतात, पण अंडं आतल्या आत बिघडतं. ते म्हणाले, इन्शाल्ला काही होणार नाही, आपण बघू या. मी ताबडतोब मासे बारा नंबरच्या टाकीत परत आणले, पण सरांनी पाणी सोळावर ठेवायला लावलं.

घरी जेवताना मी ही खालीची गंमत सांगितली. निनादला ठसका लागला. ईरा मात्र गोंधळून बघत राहिली. म्हणाली, "बट मम्मा, गुलजार अंकल वॉज राइट ना? खाली मीन्स एम्प्टी." तिला मराठी कळतं असं मी सगळ्यांना सांगत आले आहे. मी ताटातला भात चिवडत राहिले.

मग माद्या पिकल्या. पोटावरून हलका हात फिरवला की अंडी वाडग्यात ओघळतात, केशरी, आरपार दिसणारी. त्यांत नराचं बीज मिसळून ट्रेमध्ये पसरली. जिवंत अंडं केशरी राहतं, मेलेलं पांढरं होतं. पहिल्या सकाळी मी चिमट्याने थोडी पांढरी वेचली. दुसऱ्या सकाळी जास्त. गुलजार शेजारी उभा राहून बादली धरायचा. आठवडाभरात ट्रे साबुदाण्यासारखे दिसायला लागले. ज्या दिवशी अंड्यांत दोन काळे ठिपके, म्हणजे पिल्लाचे डोळे, दिसायला हवेत, त्या दिवशी मी एकेक ट्रे उजेडात धरला. एकातही डोळे नव्हते. मला भीती वाटली, खरी भीती.

राणे सरांना कळवलं. मला वाटलं, आता तिकिटं काढायची. आईला काय सांगायचं तेही जुळवत होते. पण सरांचा फोन आला तो आनंदाचा. हॅचरी बंद, पण मोठी शेड चालू राहील. अर्धवट वाढलेले मासे बाहेरून आणायचे, फुगवायचे, विकायचे. मला त्यांनी ऑफिसात घेतलं, सेल्समध्ये. पगार तोच. व्हिसा तसाच.

निनादने मला मिठी मारली. ईराने विचारलं, "सो वी आर स्टेइंग?" हो म्हटलं. "सी? नथिंग हॅपन्ड," ती म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली.

आईला फोन केला. ती म्हणाली, चांगलं झालं, देवाची कृपा. कधी येतेस, हे तिने विचारलं नाही. हल्ली ती विचारत नाही.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे इथे आलात त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत असेल. घर कुठलं, असं कोणी विचारलं की मी पूर्वी पटकन पुणं म्हणायचे. आता वाटतं, आपण तगतो ते ठिकाण वेगळं आणि आपल्यातलं काही पुढे जातं ते ठिकाण वेगळं, आणि घर म्हणजे हे दुसरं. ते माझ्याजवळ आज नाही. ईराला ते कुठे मिळेल मला माहीत नाही, आणि तिच्यासाठी ते मी शोधायचं की तिने, हेही नाही.

ऑफिसात जायच्या आधी शेडमध्ये जाऊन किल्ल्या देऊन आले. बाराव्या टाकीत हात घातला. पाणी कोमट होतं, हाताला सुखद वाटलं. माद्या वर आल्या, जाडजूड, चकचकीत, तोंडं उघडून. मी मूठभर खाणं टाकलं. सगळ्या तुटून पडल्या.