कुंकवाचे खूर

मामंजींनी मद्रासच्या शर्यतीतून बाद झालेली घोडी विकत आणली, तेव्हा मी त्या घरात नवी सून होते. आमचं घर तंजावरात, मेलवीधीला. मराठ्यांचं राज्य जाऊन इंग्रज बसला होता आणि घोडदळाची आठवण म्हणून घरात उरलं होतं ते खुंटीवरचं एक खोगीर आणि मामंजींच्या मिशा. दोन्हींना रोज तेल लागायचं. बायकांना गोषा होता, त्यामुळे बाहेरचं जग मला परसातल्या खिडकीतून दिसेल तेवढंच. तबेला मात्र परसातच होता.

घोडी कुमैत, म्हणजे काळपट तांबड्या रंगाची, उंच, पायांनी बारीक. मामंजींनी तिच्या चारी खुरांचे नाल पाहिले आणि तोंड वाकडं केलं. "ही इंग्रजाची बेडी," ते म्हणाले. "अमच्या आज्यापणज्यांचे घोडे जिंजीपर्यंत अनवाणी गेले." एवढ्यावर थांबले असते तर ते मामंजी कसले? ओसरीवर भाऊबंद जमले होते. त्यांच्यासमोर त्यांनी जाहीर केलं की यंदा दसऱ्याला गावची शीव ओलांडायची ती याच घोडीवर, बिननालाची. चालली तर घरची, नाही चालली तर जटक्याला. जटका म्हणजे आमच्याकडचा टांगा. स्टेशनाबाहेर त्या जटक्यांची घोडी उभी असत, खांद्यावर जखमा आणि जखमांवर माश्या.

ह्यांचा जीव त्या घोडीवर जडला. माझ्यावर जडायच्या आधी तिच्यावर जडला, आणि त्याचा मला रागही आला नाही, कारण खिडकीतून पाहता पाहता माझाही जडला होता. ह्यांनी वडिलांपुढे खाली मान घालून सांगितलं की जन्मभर लोखंडावर चाललेल्या जनावराचा तळवा कोवळा असतो. आधी मागचे दोन नाल काढू, पुढच्या पायांवर भार जास्त, ते सावकाश पाहू. मामंजी हो म्हणाले. त्यांनी हो म्हटलं याचंच सगळ्यांना नवल वाटलं.

नालबंद आला त्या दिवशी हे गावात नव्हते. नालबंद तमिळ. तमिळमध्ये नालाला लाडम म्हणतात, हे मामंजींना चांगलं ठाऊक होतं, पण आपला शब्द सोडायचा नाही हा त्यांचा हट्ट. घोडीच्या मागच्या अंगाला हात करून ते म्हणाले, "नाल एडु." म्हणजे नाल काढ. आता तमिळमध्ये नालु म्हणजे चार. नालबंदाने विचारलं, "नालुमा?" चारही का? मामंजींना वाटलं, हा बावळट नालच ना म्हणून विचारतो आहे. "आमां, नाल," म्हणजे हो, नाल, असं ठणकावून ते पूजेला निघून गेले.

संध्याकाळी हे आले तेव्हा चारही नाल चौथऱ्यावर ओळीने मांडलेले होते. घोडी एक पाय उचलायची, तो टेकवून दुसरा उचलायची, कोणता पाय टेकावा तेच तिला उमगेना. ह्यांनी पुढचे दोन पुन्हा ठोकून घेऊ म्हटलं. मामंजींना चूक कळली होती. ती त्यांच्या कानांच्या पाळ्यांवर लाल होऊन दिसत होती. पण ते म्हणाले, "मी चारच सांगटलो होतो."

त्या एका वाक्याने घोडीचं नशीब ठरलं. सबंध घराला ठाऊक होतं, आणि सबंध घर गप्प बसलं. त्या घरात गप्प बसणं म्हणजेच वळण.

तरी हे हरले नाहीत. उन्हाळा होता, वडवार नदी कोरडी पडली होती. हे रोज पहाटे घोडीला नदीच्या वाळूत नेत, परत आणून खुरांना एरंडेल चोळत. खिळ्यांच्या भोकांपाशी खुराच्या कडा तुटत, ते कानशीने घासून गोल करत. हळूहळू ती पाय नीट टेकू लागली. एकदा परसात तिने उगाच उडी मारली, आणि हे एकटेच हसले. मी खिडकीत होते हे त्यांना माहीत नव्हतं. मला वाटलं, वाचली ही. दसऱ्यापर्यंत असंच चाललं तर वाचली.

मग आडी महिन्यात, म्हणजे आषाढ-श्रावणात, नदीला वरून पाणी आलं. सगळं गाव नदीची पूजा करायला लोटलं, चित्रान्नाचे डबे घेऊन. ह्यांची वाळू त्या पाण्याखाली गेली.

मामंजी म्हणाले, मऊ जमिनीवर लाड करून खूर घट्ट होत नसतात. त्यांनी घोडी वल्लमच्या रस्त्यावर न्यायला लावली. तिथली खडी तांबडी आणि सुरीसारखी. पहिल्याच खेपेला ती लंगडत आली. ह्यांनी गुपचूप चामड्याच्या पिशव्या शिवून तिच्या खुरांना बांधल्या, तर मामंजींनी त्या ओसरीवर सगळ्यांना दाखवल्या. "पाहा, अमच्या चिरंजिवांनी घोडीला चपला शिवल्या." भाऊबंद पोट धरून हसले. हेही हसले. ते हसणं मी त्यांना आजतागायत माफ केलेलं नाही.

पिशव्या गेल्या. घोडी रोज वल्लमच्या रस्त्याला जात राहिली. नाल पुन्हा ठोकायचे म्हटलं तरी आता खुरांना कड उरली नव्हती, खिळा धरणार कुठे? जटक्याची धमकी होतीच. म्हणून हेच तिचं लंगडणं लपवू लागले. मामंजी पाहायला आले की तिला चिखलात उभी करायचे. वाचवायचं म्हणून तिला चालवत होते, आणि चालवून मारत होते.

दसऱ्याला घरच्या घोड्याची पूजा सुनेने करायची, पाय धुऊन हळदकुंकू लावायचं, ही रीत. मी पहिल्यांदाच तिच्या इतकी जवळ गेले. पुढचा पाय धुतला तर ताम्हनातलं पाणी तांबडं झालं. तळव्याला चीर गेली होती, आत बोट जाईल एवढी. मी पदराने पुसलं, पुन्हा आलं. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी पाहिलं होतं. बाहेर ताशा वाजत होता, सगळे वाट पाहत होते.

"कुंकू थोडं जास्त लाव," सासूबाई हळूच म्हणाल्या. "चारी पायांना लाव. एकाला लावलीस तर कळेल."

मी करंडा रिकामा केला. घोडी थरथरत होती, पण तिने लाथ मारली नाही. मारली असती तर बरं झालं असतं.

तिने शीव ओलांडली. मामंजी वर ताठ बसले होते, आणि वाटेत लोक म्हणत होते की काय शोभा, खूर कसे लालभडक. परत येऊन ती तबेल्यात बसली ती उठेना. जटकेवाल्याला बोलावलं, त्याने पाय उचलून पाहिला आणि नको म्हणाला. दोन गड्यांनी उठवली, हे तिला वल्लमच्या रस्त्याने घेऊन गेले आणि एकटे परत आले. मामंजी त्यांना म्हणाले, "पण चालली की नाही?"

पुढच्या वर्षी घोडा नव्हता. नवरात्रात इकडे घरोघर पायऱ्या रचून बाहुल्या मांडतात, सासूबाईंनी त्या पायऱ्यांवर मातीचा घोडा मांडला आणि त्याच्या चारी खुरांना मला कुंकू लावायला सांगितलं, भरपूर. दरवर्षी लावलं. मामंजी गेले, सासूबाई गेल्या, हे गेले. यंदा माझी सून त्याच घोड्यापुढे करंडा घेऊन बसली होती. शेजारच्या तमिळ बाईने तिला विचारलं, हे एवढं कुंकू कशाला? सून कौतुकाने म्हणाली, "अमच्या घरची पद्धत. अमचा घोडा अनवाणी शीव ओलांडलेला, त्याचा मान."

मी म्हटलं, "पूस ते."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग बाईकडे पाहून जराशी हसली, म्हातारीचं काय एवढं, अशी. आणि उरलेल्या दोन पायांनाही नीट लावून घेतलं.